‘गिव्ह अप’ आणि सोडण्याच्या अनेक तऱ्हा

इंग्रजीत एखाद्या साध्या क्रियापदाला ‘अप’, ‘आउट’, ‘ऑफ’, ‘डाउन’ यांसारखा छोटा अव्यय शब्द जोडून जे नवे क्रियापद तयार होते, त्याला ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणतात. या जोडणीचा अर्थ तिच्या घटकांच्या अर्थांची बेरीज करून हाती लागत नाही, हे तिचे मुख्य लक्षण होय. ‘गिव्ह’ म्हणजे देणे आणि ‘अप’ म्हणजे वर, एवढे ठाऊक असलेल्या विद्यार्थ्याला ‘गिव्ह अप’चा अर्थ ‘सोडणे’ असा होतो हे निराळे शिकावे लागते. आणि कोल्हापूर जिल्ह्यातील मराठी माध्यमाच्या शाळेत असो वा शहरातील स्पर्धा परीक्षेच्या वर्गात असो, ते बहुधा एका ओळीत शिकवले जाते: गिव्ह अप म्हणजे सोडून देणे. ही ओळ चुकीची नाही, परंतु ती अपुरी आहे. काय सोडले, कोणासाठी सोडले आणि खुशीने सोडले की नाइलाजाने, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर मराठीतील योग्य प्रतिशब्द ठरतो आणि तो ठरवताना मराठी भाषा स्वतःची अशी साधने वापरते, जी इंग्रजीतील ‘अप’पेक्षा कमी समर्थ नाहीत.

इंग्रजी शिकणाऱ्या परक्यांना या क्रियापदांचा जाच होतो, हे इंग्रजांनाही फार पूर्वी उमगले होते. सॅम्युएल जॉन्सन यांनी 1755 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत, अव्यय जोडल्याने क्रियापदांचे अर्थ कसे पालटतात आणि परभाषकांना ते किती अवघड जाते, याची आवर्जून नोंद केली आहे. ‘फ्रेझल व्हर्ब’ ही संज्ञा मात्र बरीच नंतरची आहे. लोगन पिअर्सल स्मिथ यांनी 1925 सालच्या आपल्या पुस्तकात ती रूढ केली आणि ती सुचवण्याचे श्रेय ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांना दिले. म्हणजे ज्या रचनेने शाळकरी मुले हैराण होतात, ती रचना जुनी असली तरी तिचे आजचे नाव शंभर वर्षांच्या आसपासचेच आहे.

या रचनेचा एक नियम भारतभर एका सरकारी मोहिमेच्या नावात लोकांनी वाचला आहे. स्वयंपाकाच्या गॅसवरील अनुदान ज्यांना परवडते त्यांनी स्वेच्छेने सोडावे, यासाठी 2015 साली केंद्र सरकारने जी मोहीम सुरू केली, तिचे नाव ‘गिव्ह इट अप’ असे होते. कर्म नाम असेल तर ते ‘गिव्ह अप’च्या पुढे किंवा दोन शब्दांच्या मध्ये, कोठेही चालते, परंतु कर्म सर्वनाम असेल तर ते मध्येच यावे लागते, म्हणून ‘गिव्ह अप इट’ असे होत नाही. मराठीत या मोहिमेचे वर्णन ‘अनुदान सोडणे’ किंवा ‘सबसिडी सोडणे’ असे झाले, आणि ‘सोडून देणे’ हे रूप तेथे फारसे आले नाही. ‘सबसिडी सोडली’ आणि ‘सबसिडी सोडून दिली’ या दोन वाक्यांत फरक आहे, व तो कानाला जाणवत असला तरी शब्दांत सांगणे सोपे नाही.

तो फरक समजण्यासाठी मराठीतील दुसऱ्या क्रियापदाकडे वळावे लागते. ‘सोडून देणे’ यात मूळ क्रिया सोडण्याची आहे आणि ‘देणे’ आपला नेहमीचा अर्थ टाकून देऊन त्या क्रियेला केवळ एक छटा पुरवते. कोणी कोणाला काही देत नाही. व्याकरणात अशा जोडीला संयुक्त क्रियापद म्हणतात. तीत मुख्य अर्थ पहिल्या शब्दात, म्हणजे धातुसाधितात असतो आणि दुसरे क्रियापद साहाय्यापुरते येते. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी 1836 साली ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ लिहिले आणि मोरो केशव दामले यांनी 1911 साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ प्रसिद्ध केले. त्यांच्यापासून पुढे या प्रकाराच्या व्याख्येवरून आणि मर्यादांवरून व्याकरणकारांत मतभेद होत आले आहेत. सामान्य वाचकाला त्या वादात शिरण्याची गरज नाही. त्याने एक कसोटी लक्षात ठेवली तरी पुरे: ‘तिने पत्र वाचून दिले’ यात वाचणे आणि देणे या दोन वेगळ्या क्रिया एकामागून एक घडू शकतात, पण ‘तिने नोकरी सोडून दिली’ यात क्रिया एकच घडते.

आता नोकरीचेच उदाहरण पुढे नेले तर मराठीचे सामर्थ्य दिसू लागते. ‘त्याने नोकरी सोडली’ हे निव्वळ निवेदन झाले. ‘त्याने नोकरी सोडून दिली’ म्हटले की मागचा विषय संपला, त्या नोकरीशी त्याचा आता संबंध उरला नाही, हे कळते. ‘त्याने नोकरी सोडून टाकली’ म्हणताना त्यात एक तडफ येते, जणू अंगावरचे ओझे त्याने एकदाचे उतरवले. आणि ‘तो नोकरी सोडून बसला’ या वाक्यात तर बोलणाऱ्याचे मतच ऐकू येते: त्याने हे करायला नको होते, आता त्याचे कसे होणार. क्रिया तीच, माणूस तोच, नोकरी तीच. देणे, टाकणे आणि बसणे या तीन अत्यंत साध्या क्रियापदांनी तीन दृष्टिकोन उभे केले. इंग्रजीला हा शेवटचा भाव ‘गिव्ह अप’च्या पोटात घालता येत नाही, त्यासाठी निराळे वाक्य लिहावे लागते. इंग्रजीतील ‘अप’ अनेक ठिकाणी क्रिया पुरी झाल्याचे सांगतो, जसे ‘ईट अप’, ‘ड्रिंक अप’, ‘यूज अप’. आणि मराठीत तेच काम ‘खाऊन टाक’, ‘पिऊन टाक’, ‘संपवून टाक’ यांतील ‘टाकणे’ करते. ‘फ्रेझल व्हर्ब’ हा प्रकार मराठीत नाही असे विद्यार्थ्यांना सांगण्यापेक्षा, हा प्रकार तुमच्या घरात रोज बोलला जातो, फक्त तेथे अव्ययाच्या जागी दुसरे क्रियापद असते, असे सांगितले तर त्यांची भीती बरीच कमी होईल.

नकाराच्या वेळी मात्र दोन्ही भाषांचे मार्ग वेगळे होतात. इंग्रजीत ‘त्याने सोडले’ आणि ‘त्याने सोडले नाही’ या दोहोंसाठी ‘गिव्ह अप’ तसेच राहते. मराठीत ‘त्याने नोकरी सोडून दिली’ याचा सहज नकार ‘त्याने नोकरी सोडली नाही’ असा होतो, ‘सोडून दिली नाही’ असे कोणी विशेष कारणाशिवाय म्हणत नाही. कारण उघड आहे: जी क्रिया घडलीच नाही, ती पुरी झाल्याची छटा कशाला लावायची? म्हणूनच ‘डोन्ट गिव्ह अप’ या इंग्रजी वाक्याचे ‘सोडून देऊ नका’ असे भाषांतर अनेक फलकांवर वाचायला मिळते तेव्हा ते अधांतरी वाटते. मराठी वाचक लगेच विचारतो, काय सोडून देऊ नका? ‘हार मानू नका’, ‘धीर सोडू नका’, ‘जिद्द सोडू नका’ यांत जे सोडायचे नाही त्याचे नाव आहे, आणि मराठीला ते नाव लागते.

यावरून सोडण्याच्या वस्तूंकडे येता येते. व्यसन असेल तर ‘सोडणे’ पुरते: तंबाखू सोडली, दारू सोडली. कोल्हापुरी बोलीत चालू क्रियेसाठी ‘करायलोय’, ‘जायलोय’ अशी रूपे वापरली जातात, त्यामुळे ‘तंबाखू सोडायलोय’ म्हणणारा माणूस अजून पुरता मोकळा झालेला नाही, प्रयत्न चालू आहे, हे ऐकणाऱ्याला एका शब्दात कळते. आणि ‘सोडत आणली आहे’ म्हटले तर थोडेच उरले आहे असे समजते. छंद, हट्ट किंवा आवडीचे वेड असेल तर त्याच भागात ‘नाद’ हा शब्द येतो आणि ‘नाद सोडला’ हे ‘गिव्ह अप’चे अगदी चपखल रूप ठरते. येथे नाद हा शब्द कौतुकाचाही आहे, त्यामुळे ‘त्याने कुस्तीचा नाद सोडला’ हे वाक्य ऐकताना हळहळ वाटते आणि ‘त्याने जुगाराचा नाद सोडला’ हे ऐकताना समाधान. क्रियापदाने बाजू घेतलेली नसते, ती बाजू नामाने घेतलेली असते.

वस्तूऐवजी हक्क सोडायचा असेल तर भाषा एकदम कचेरीची होते. वडिलोपार्जित जमिनीतील आपला हिस्सा भावाच्या नावे सोडताना बहिणीकडून ज्या दस्तावर सही घेतली जाते, त्याला महाराष्ट्रभर ‘हक्कसोडपत्र’ म्हणतात. तलाठ्याच्या दप्तराशी ज्याचा कधी संबंध आला आहे, त्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. इंग्रजीतील ‘रिलिंक्विश’ या जड क्रियापदाला आणि ‘गिव्ह अप’ला एकाच वेळी पुरून उरणारा हा शब्द आहे, कारण हक्क, सोडणे आणि पत्र हे तिन्ही शब्द निरक्षर बाईलाही कळतात, आणि ज्या दस्ताने तिचा वाटा जातो त्याचे नाव तरी तिला कळावे, हे महत्त्वाचेच आहे. याच क्षेत्रातला जुना शब्द ‘राजीनामा’. फारसीत त्याचा अर्थ संमतीचे पत्र असा होता. मुंबई इलाख्यात एखादा कब्जेदार आपली जमीन सोडू लागला की तो राजीनामा देई आणि जमीन घेणारा कबुलायत देई; आज मात्र राजीनामा नोकरीचा आणि पदाचा उरला आहे, आणि तो देताना माणूस खरोखर राजी असतोच असे नाही.

हक्क सोडण्याचा दुसरा, अधिक मराठी मार्ग म्हणजे त्यावर पाणी सोडणे. दान देताना हातातून उदक सोडून त्या वस्तूवरील आपले स्वामित्व संपल्याचे सांगण्याचा जो धार्मिक विधी आहे, त्यातून हा वाक्प्रचार आला. ‘बुडालेल्या पैशांवर पाणी सोडले’ म्हणजे ते परत मिळण्याची आशा सोडली. परंतु पंचगंगेच्या खोऱ्यात हेच दोन शब्द पावसाळ्यात निराळ्या अर्थाने दिवसभर कानावर पडतात. भोगावती नदीवरील राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. ते उघडले की ‘राधानगरीतून पाणी सोडले’ ही बातमी होते, आणि उन्हाळ्यात ‘उसाला पाणी सोडले’ हे रोजचे काम असते. अर्थ वेगळे करण्याचे काम येथे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय करतात: धरणातून पाणी सोडले, उसाला पाणी सोडले, हक्कावर पाणी सोडले. इंग्रजीत ‘गिव्ह अप’, ‘गिव्ह इन’, ‘गिव्ह आउट’, ‘गिव्ह अवे’ यांत क्रियापद स्थिर राहून अव्यय अर्थ बदलते, आणि मराठीत ‘पाणी सोडणे’ स्थिर राहून ‘तून’, ‘ला’ आणि ‘वर’ अर्थ बदलतात. परभाषकाने मराठी शिकायला घेतली तर त्यालाही येथे तेवढेच अडखळायला होईल, जेवढे मराठी मुलाला इंग्रजीत होते.

कायमचे सोडायचे असेल तर ‘तिलांजली देणे’ हा प्रयोग होतो, कारण तीळमिश्रित पाण्याची ओंजळ मृताला दिली जाते आणि तेथून परतीची वाट नसते. पक्ष सोडणाऱ्या पुढाऱ्यांसाठी वृत्तपत्रांनी ‘सोडचिठ्ठी दिली’ आणि ‘रामराम ठोकला’ हे दोन प्रयोग इतके वापरले आहेत की त्यांतला मूळचा जोर पुष्कळ झिजला आहे. व्यापार किंवा मुक्काम आवरून निघून जाणाऱ्याने ‘गाशा गुंडाळला’ असे म्हणतात. गाशा म्हणजे घोड्याच्या खोगिरावर टाकायचे वस्त्र.

माणसाला सोडण्याची गोष्ट आली की भाषा अधिक सावध, आणि काही वेळा अधिक निष्ठुर होते. ‘पोलिसांनी चोराला सोडून दिले’ म्हणजे त्याला मोकळे केले. परंतु इंग्रजीत चोर स्वतःला ‘गिव्ह अप’ करतो तेव्हा अर्थ नेमका उलटा, तो आपण होऊन ताब्यात जातो. मराठीत तो ‘शरण येतो’, ‘हजर होतो’ किंवा ‘पोलिसांच्या स्वाधीन होतो’. येथे कोशातली पहिली ओळ वापरली तर आरोपी आत जाण्याऐवजी बाहेर येईल. विवाहाच्या संदर्भात तर क्रियापदांनी समाजाची विषमताच जपून ठेवली आहे. नवऱ्याने बायकोला ‘टाकले’ असे म्हणण्याची रीत आहे, बायकोने मात्र नवरा ‘सोडला’. टाकले जाते ते वस्तूसारखे, आणि ‘टाकलेली’ हे विशेषण पुढे त्या स्त्रीला जन्मभर चिकटते. सामाजिक चळवळींनी त्या जागी ‘परित्यक्ता’ हा संस्कृत शब्द वापरात आणला. त्यात निदान तुच्छता नाही, मात्र तोही तिची ओळख नवऱ्याने केलेल्या कृतीवरूनच सांगतो.

एखादी गोष्ट दुसऱ्यासाठी सोडली जाते तेव्हा मराठीत ‘सोडणे’ मागे पडते आणि ‘देणे’ पुढे येते. एसटीत वृद्ध प्रवाशासाठी तरुणाने उठून जागा ‘दिली’, ‘सोडली’ नव्हे. जागा सोडली म्हटले तर तो पुढच्या थांब्यावर उतरला असेही वाटेल. दीर्घकाळ कोल्हापुरात राहिलेल्या वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’ या 1959 सालच्या कादंबरीमुळे मराठी घराघरांत पोहोचलेली कथा घेतली, तरी हाच नियम दिसतो. पुरूने आपले तारुण्य पित्याला ‘दिले’ आणि ययातीला भोगाची लालसा ‘सोडता’ येत नव्हती. इंग्रजीत या दोन्ही ठिकाणी ‘गिव्ह अप’ चालेल. त्याग आणि व्यसनमुक्ती यांना एकच क्रियापद पुरवणे ही इंग्रजीची काटकसर आहे. मराठीने ती केली नाही, आणि अशा कथेला ते मानवते.

सामना सोडण्याच्या अर्थाने ‘गिव्ह अप’ची चर्चा कोल्हापुरात करायची तर लाल मातीकडे पाहणे भाग आहे. शाहू महाराजांनी बांधलेले खासबाग मैदान 1912 साली तयार झाले, आणि गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमींनी या शहराच्या बोलण्यात कुस्तीचे शब्द मुरवले. मातीवरील कुस्तीत पाठ जमिनीला लागली की मल्ल चीत झाला. त्याने हार मानली की नाही, हा प्रश्नच येत नाही. म्हणून मराठीत ‘हरणे’ आणि ‘हार मानणे’ यांत मोठे अंतर आहे. हरणे अंगावर येते, हार मानणे मनात घडते, आणि ‘गिव्ह अप’ फक्त दुसऱ्याचा प्रतिशब्द आहे. दोन्ही मल्ल तुल्यबळ निघाले आणि निकाल लागेना, तर पंच कुस्ती ‘बरोबरीत सोडवतात’. येथे सोडवणारा तिसराच असतो. 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहाव्या स्थानावर राहिलेले आणि 1952 साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. त्यांच्याबद्दल ‘लंडनला ते हरले, पण त्यांनी हार मानली नाही’ असे वाक्य सहज लिहिता येते, आणि त्यातील दोन ‘हार’ वाचकाच्या मनात गोंधळ करत नाहीत.

हार मानण्याच्या आधीच्या पायऱ्यांसाठीही मराठीत नेमके शब्द आहेत. ऐन वेळी धैर्य कमी पडले तर माणूस ‘कच खातो’, धास्ती घेतली तर ‘हाय खातो’, आणि प्रबळ शत्रूसमोर आक्रमकपणा सोडून नमला तर ‘नांगी टाकतो’. पाणी न मिळालेले पीक ‘मान टाकते’. उपाय थकलेले डॉक्टर ‘हात टेकतात’, आणि इंग्रजीत डॉक्टरांनी रुग्णाला ‘गिव्ह अप’ केले असे म्हणतात त्याचे हे बरोबर रूप आहे. ‘हात वर करणे’ मात्र त्याच्या जवळचे दिसले तरी वेगळे आहे. इंग्रजी चित्रपटांत हात वर केले की शरणागती होते. मराठीत हात वर करणारा ‘हे माझ्याकडून होणार नाही’ असे सांगून जबाबदारी टाळतो. हात टेकणाऱ्याने आधी प्रयत्न केलेला असतो, हात वर करणाऱ्याने केला असेलच असे नाही. ही सूक्ष्मता ज्या कोशाने दाखवली नाही, तो कोश वापरणाऱ्याला केव्हा तरी फसवणारच.

‘गिव्ह अप’ला इंग्रजीतच ‘सरेंडर’, ‘अबँडन’, ‘रिनाउन्स’, ‘रिझाइन’, ‘यील्ड’, ‘क्विट’ असे अनेक समानार्थी शब्द आहेत. त्यांतले बहुतेक लॅटिनमधून फ्रेंचवाटे आले आणि म्हणून ते लिखाणात, कायद्यात व समारंभी भाषणात शोभतात, तर बोलताना ‘गिव्ह अप’ बरे वाटते. मराठीत असेच थर आहेत. ‘त्याग करणे’, ‘परित्याग’, ‘विसर्जन’ हे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले. ‘राजीनामा’, ‘हवाली करणे’ हे फारसी-अरबी वळणाचे. ‘सोडणे’, ‘टाकणे’ हे प्राकृतातून घरंगळत आलेले, घरगुती. राजाराम महाविद्यालयात प्राध्यापक असलेल्या माधव जूलियन, म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन यांनी 1925 साली फारसी-मराठी कोश सिद्ध केला आणि पुढे ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहून परक्या शब्दांविरुद्ध भूमिका घेतली. ज्याने फारसीचे इतके ऋण मोजून दाखवले त्यानेच ते फेडून टाकण्याचा आग्रह धरावा, ही मराठी भाषेच्या इतिहासातील विलक्षण गोष्ट आहे. तरीही राजीनामा गेला नाही आणि जाण्याचे कारणही नव्हते, कारण पदाचा त्याग आणि पदाचा राजीनामा यांत मराठी माणूस आजही फरक करतो: त्याग कौतुकाचा असतो, राजीनाम्यामागचे कारण विचारले जाते.

याच न्यायाने ‘गिव्ह अप’चे ‘गिव्ह अप ऑन’ झाले की प्रतिशब्दही बदलावा लागतो. मुलाने अभ्यास ‘गिव्ह अप’ केला म्हणजे त्याने अभ्यास सोडला. शिक्षकांनी मुलाला ‘गिव्ह अप ऑन’ केले म्हणजे त्यांनी त्याला सोडले असे नव्हे, तर त्याच्याकडून असलेली आशा सोडली. वर्ग तोच असतो, मुलगा त्याच बाकावर बसलेला असतो, त्याची हजेरीही घेतली जाते. या ठिकाणी ‘आशा सोडली’ हेच लिहावे लागते, आणि शब्दकोशात ‘गिव्ह अप’च्या नोंदीखाली हे वाक्य अर्थासह स्वतंत्र छापले गेले, तर कोल्हापुरातील शिक्षकाला फळ्यावर एकच ओळ लिहून थांबता येणार नाही.